घरात शिरलेली दुरुस्ती : खेळांचे अपडेट आणि जुने संगणक

आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. इतिहासाच्या व्याख्यानमालेत संगणकावरचे खेळ कशाला? पण आम्ही असं मानतो की इतिहास फक्त लढायांचा आणि तहांचा नसतो. घरातल्या वस्तूंचाही असतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत घरात आलेल्या वस्तूंपैकी संगणक ही एक वस्तू अशी निघाली की जी विकत घेतल्यावरही दुसरं कुणी तरी दुरून बदलत राहतं. शिलाई मशीन विकत घेतलं, ते आपलं झालं. संगणकाचं तसं राहिलं नाही. हे कसं झालं, हा आजचा प्रश्न. आणि त्याचं उत्तर खेळांच्या इतिहासात फार स्वच्छ दिसतं.

सुरुवात एका घटनेपासून करू. तारीख ५ डिसेंबर २००७. आइसलँडची राजधानी रेकयाविक. तिथे सीसीपी नावाची कंपनी आहे. तिचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ २००३ च्या मे महिन्यात सुरू झाला. अवकाशातली जहाजं, व्यापार, युद्धं, आणि जगभरचे खेळाडू एकाच आभासी विश्वात. त्या दिवशी कंपनीने ‘ट्रिनिटी’ नावाचा मोठा अपडेट आणला. जहाजांची चित्रं नव्याने घडवली होती. ज्यांचा ग्राफिक्स कार्ड दमदार होता त्यांच्यासाठी ‘प्रीमियम’ चित्रांचा वेगळा, ऐच्छिक भाग होता. लोकांनी हौसेने तो उतरवून घेतला.

आणि मग काही जणांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला, तर विंडोज सुरूच होईना.

काय झालं होतं? खेळाच्या अपडेटने विंडोजची एक फाइल पुसून टाकली होती. फाइलचं नाव बूट डॉट आयएनआय. विंडोज एक्सपी वापरलेल्यांना ती आठवत असेल. सी ड्राइव्हच्या अगदी मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, ती असायची. आकाराने जेमतेम चार-सहा ओळींची. पण त्या ओळींत एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेली असायची : विंडोज नेमकी कुठल्या डिस्कवर, कुठल्या भागावर बसवलेली आहे. संगणक चालू झाला की आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा व्हायचा, तो ही फाइल वाचायचा, आणि मग पुढची गाडी रुळावर यायची.

आता तुम्ही विचाराल, की अवकाशातल्या जहाजांच्या खेळाला या फाइलशी काय देणंघेणं? काहीच नाही! गंमत, किंवा दुर्दैव, असं की खेळाच्या स्वतःच्या फोल्डरमध्येही याच नावाची एक फाइल होती. खेळ सुरू होताना लागणाऱ्या सेटिंग्ज त्यात ठेवलेल्या. नवा भाग बसवताना अपडेटला आपल्याकडची ही जुनी फाइल काढून टाकायची होती. पण सूचना लिहिताना पत्त्याचा पुढचा भाग, म्हणजे ‘खेळाच्या फोल्डरमधली’ हा तुकडा, राहून गेला. उरली नुसती एक तिरकी रेघ आणि फाइलचं नाव. आणि विंडोजच्या व्याकरणात नुसत्या तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता म्हणजे ड्राइव्हचं मूळ.

आपल्या भाषेत सांगायचं तर, पाटलांच्या वाड्यातली जुनी पेटी बाहेर काढा असं सांगायचं होतं, पण पाटील कुठल्या गावचे ते सांगायचं राहिलं. हमाल गेले ते पहिल्याच पाटलांच्या घरी. पेटी उचलली आणि निघाले. हमालांची चूक म्हणता येत नाही. पेटी तर पाटलांचीच होती.

इथे थोडं थांबू. कारण यात पुढच्या सगळ्या कथेचं बीज आहे. तीन प्रश्न विचारू.

पहिला : मग सगळेच संगणक का बंद पडले नाहीत? कारण बूट डॉट आयएनआय सापडली नाही तर विंडोज एक्सपीचा तो छोटा प्रोग्रॅम एक अंदाज बांधायचा. पहिली डिस्क, तिचा पहिला भाग, ‘विंडोज’ नावाचा फोल्डर. बहुतेक घरगुती संगणकांत विंडोज तिथेच असायची. त्यामुळे पडद्यावर एक इशारा झळकायचा आणि संगणक चालू व्हायचा. ज्यांनी विंडोज दुसऱ्या भागावर किंवा दुसऱ्या डिस्कवर बसवली होती, त्यांचा संगणक मात्र अडायचा. चुकीचा हा प्रकार सगळ्यात अवघड. सगळीकडे सारखी घडणारी चूक चाचणीत लगेच सापडते. काही ठिकाणीच घडणारी चूक तपासणाऱ्याच्या टेबलावर कधी कधी घडतच नाही.

दुसरा : विंडोजने ती पुसू दिलीच कशी? फाइलवर ‘लपलेली’ आणि ‘सिस्टिमची’ अशा खुणा होत्या. पण त्या खुणा म्हणजे पडदा, कुलूप नव्हे. आणि खरं कुलूप, म्हणजे वापरकर्त्याच्या अधिकारांवरची मर्यादा, घरगुती एक्सपीवर फारसं कुणी लावत नसे. घरातला प्रत्येक जण ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. त्यामुळे त्याने चालवलेला प्रत्येक प्रोग्रॅमही ॲडमिनिस्ट्रेटर.

तिसरा, आणि आमच्या मते सर्वात महत्त्वाचा : निस्तरायचं कुणी? उपाय होता. एक्सपीची मूळ सीडी घालायची, रिकव्हरी कन्सोलमध्ये जायचं, एक आज्ञा द्यायची, की फाइल पुन्हा तयार. जाणत्याला दहा मिनिटांचं काम. पण मूळ सीडी किती जणांकडे होती? कंपनीचा तयार संगणक घेतलेल्यांना अनेकदा ती मिळतच नसे. आणि हा उपाय इंटरनेटवरून वाचायचा, तर इंटरनेट ज्यावर आहे तो संगणकच बंद!

त्या काळातली आपल्याकडची परिस्थिती आठवा. आमच्या पिढीतल्या अनेकांच्या घरी जोडणी केलेला संगणक असायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून कुणी तरी ओळखीच्याने जोडून दिलेला. विंडोजची सीडी त्या ओळखीच्याच्या बॅगेत. संगणक अडला की तो यायचा, दोन-चार कळा दाबायचा आणि म्हणायचा, “फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट मारला की संगणक चालू व्हायचा, पण डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो, बारावीचा प्रोजेक्ट, आजोबांनी अर्धवट टाइप केलेल्या आठवणी, सगळं जायचं. चार ओळींची फाइल हरवली म्हणून अख्खं घर धुऊन काढायचं. आइसलँडच्या त्या अपडेटने आपल्या गल्लीतला कुठला संगणक बंद पाडला, असा आमचा दावा नाही. पण बिघाड लहान आणि नुकसान मोठं, हे गणित कसं होतं ते आपल्याला ओळखीचं आहे.

सीसीपीच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांनी तो भाग लवकर मागे घेतला, आणि नंतर चूक नेमकी कशी झाली हे जाहीरपणे, तांत्रिक तपशिलासह लिहिलं. खेळाच्या फाइलचं नावही बदलून ‘स्टार्ट डॉट आयएनआय’ केलं. लपवाछपवी केली नाही. म्हणूनच आज आपण ही कथा इतक्या बारकाईने सांगू शकतो. कागदपत्रं ठेवणाऱ्यांचाच इतिहास लिहिला जातो, हे इथेही खरं.

आता थोडं मागे जाऊ. खेळ आणि संगणक यांचं भांडण काही २००७ ला सुरू झालं नाही.

डॉसच्या काळात खेळ म्हणजे पाहुणा नव्हे, तात्पुरता मालकच. खेळ चालू झाला की अख्खा संगणक त्याचा. पण त्याला जागा हवी असायची. त्या काळच्या प्रोग्रॅमांना नेहमीच्या वापरासाठी ६४० केबी एवढीच मूळ मेमरी मिळायची. त्यातच माउसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, आणि उरलेल्या जागेत खेळ. म्हणून पोरं काय करायची? फक्त त्या खेळासाठी वेगळी फ्लॉपी बनवायची आणि तिच्यावरून संगणक चालू करायची. आवाजाचं तर विचारूच नका. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टर कार्डाला ठरवून दिलेला इंटरप्ट क्रमांक होता ७, आणि प्रिंटरचा पहिला पोर्टही तोच ७ वापरायचा. तेव्हा कार्डावरची छोटी पिन हलवून क्रमांक ५ करायचा आणि खेळालाही तसं सांगायचं. कटकट होती, नक्कीच. पण एक सुख होतं. बटण बंद केलं, की भांडण संपलं. दुसऱ्या दिवशी संगणक जसाच्या तसा.

विंडोज आली आणि चित्र बदललं. आता घर एकच आणि भाडेकरू अनेक. १९९४ च्या नाताळात डिस्नेने ‘द लायन किंग’ची सचित्र गोष्ट सीडीवर आणली. ती मायक्रोसॉफ्टच्या ‘विनजी’ नावाच्या चित्रयंत्रणेवर चालायची. त्याच नाताळात कॉम्पॅकचे नवे प्रेसारिओ संगणक घरोघर आले, आणि त्यातल्या चित्रांच्या ड्रायव्हरशी या यंत्रणेचं जमेना. सकाळी मुलांनी सीडी घातली, आणि संगणक कोलमडला. पालकांच्या फोनची रीघ लागली. पुढच्याच वर्षी, १९९५ च्या सप्टेंबरात, मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणलं, त्यामागे या फजितीचाही धडा होता.

त्याच वर्षीची दुसरी कथा उलट बाजूची आहे. ‘सिमसिटी’ या खेळात एक जुनी चूक होती. मेमरीचा तुकडा परत दिल्यावरही खेळ तो वाचत राहायचा. म्हणजे खोली सोडली तरी तिथलं कपाट वापरायचं! जुन्या व्यवस्थेत ती खोली लगेच दुसऱ्याला दिली जात नसे, म्हणून कुणाला कळलं नाही. विंडोज ९५ मध्ये दिली जाऊ लागली, आणि खेळ कोसळू लागला. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी काय केलं? विंडोजमध्येच असा बंदोबस्त केला, की ‘सिमसिटी’ चालू आहे असं दिसलं तर मेमरीची खोली लगेच रिकामी करायची नाही. ही हकिगत जोएल स्पोल्स्की यांनी २००४ मध्ये लिहिली आहे. चूक खेळाची, दुरुस्ती विंडोजची. हेतू एकच : ग्राहकाने नवी विंडोज घेतली आणि त्याचा आवडता खेळ बंद पडला, असं होऊ नये. हा उदारपणा होता आणि धंदाही होता. पण त्यामागे एक गृहीत होतं, की जुन्याला सांभाळणं ही नव्याची जबाबदारी. हे गृहीत लक्षात ठेवा, कारण पुढे ते हळूहळू सुटत जातं.

आता १९९८. शिकागोच्या बंजी कंपनीचा ‘मिथ २’. डिसेंबरात बाजारात येत असतानाच कळलं, की खेळ काढून टाकणारा प्रोग्रॅम, खेळ ज्या फोल्डरमध्ये बसवला तो अख्खा फोल्डर पुसतो. कुणी खेळ थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसवला असेल, तर? अख्खा ड्राइव्ह साफ. बंजीने छापलेल्या सीड्या परत मागवल्या आणि दुरुस्त आवृत्ती आणली. कंपनीला ते बरंच महागात पडलं.

१९९८ आणि २००७ या दोन घटना शेजारी ठेवून बघा. चूक जवळपास एकाच जातीची : पुसण्याच्या आज्ञेत पत्ता नीट नाही. पण मधल्या नऊ वर्षांत वाहतूक बदलली. १९९८ मध्ये चूक सीडीत बसून, खोक्यात बसून, ट्रकमधून जायची. वाटेत तिला अडवता यायचं. २००७ मध्ये ती तारेतून गेली आणि काही तासांत ठिकठिकाणी पोहोचली. हां, दुरुस्तीही तितक्याच वेगाने पोहोचली, हे मान्य. पण ज्याचा संगणक सुरूच होत नाही, त्याच्याकडे तारेतून आलेली दुरुस्ती कशी पोहोचणार?

योगायोग असा की ‘ट्रिनिटी’नंतर बरोबर सहा दिवसांनी, ११ डिसेंबर २००७ रोजी, मायक्रोसॉफ्टने सुरक्षेचा एक अपडेट आणला, त्याचाही संबंध खेळांशी होता. त्या काळात खेळाच्या सीडीची नक्कल होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन कंपनीचं ‘सेफडिस्क’ नावाचं संरक्षण वापरत. त्याचा ड्रायव्हर, सेकड्रव्ह डॉट एसवायएस, विंडोजच्या गाभ्यात चालायचा, आणि एक्सपीबरोबर तो आधीपासूनच दिलेला असायचा. म्हणजे तुम्ही आयुष्यात एकही खेळ खेळला नसलात, तरी खेळांचा पहारेकरी तुमच्या घरात बसलेला! त्या पहारेकऱ्याच्याच दारात फट निघाली. साध्या वापरकर्त्याला त्या फटीतून सर्वाधिकार मिळवता येत होते. तेव्हा ती बुजवली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने हा ड्रायव्हर स्वीकारलाच नाही. आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एका अपडेटने व्हिस्टा, विंडोज ७ आणि ८ वरही तो बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्य. ज्याला हवं त्याने स्वतःच्या जोखमीवर आज्ञा देऊन तो पुन्हा चालू करावा, अशी वाटही होती. पण सामान्य माणसाला काय दिसलं? दहा वर्षांपूर्वी पैसे मोजून घेतलेली सीडी, काल चालत होती, आज चालत नाही. आणि त्यातला विरोधाभास बघा. ज्याने संरक्षण तोडलेली चोरटी प्रत घेतली होती, त्याच्या प्रतीत हा पहारेकरीच नव्हता. ती चालतच राहिली. प्रामाणिक गिऱ्हाईक दाराबाहेर, आणि चोर घरात.

इथे आमच्यापैकी काही जण मायक्रोसॉफ्टला दोष देतील. आम्हाला तसं वाटत नाही, निदान पूर्ण वाटत नाही. फट असलेला दरवाजा कोट्यवधी घरांत उघडा ठेवायचा, की काही लोकांचे जुने खेळ बंद पाडायचे, ही निवड सोपी नव्हती. दोष असलाच तर आधीचा आहे. एका करमणुकीच्या वस्तूसाठी गाभ्यापर्यंतची किल्ली देऊन ठेवली, तेव्हा ती किल्ली पुढे कोण सांभाळणार, हे कुणी विचारलं नाही.

आणि आपण त्यापासून शिकलो का? २०२० मध्ये रायट कंपनीने ‘व्हॅलोरंट’ आणला. त्यातला ‘व्हॅनगार्ड’ हा लबाडी पकडणारा प्रोग्रॅम संगणक चालू होतानाच गाभ्यात जाऊन बसतो. सुरुवातीच्या काळात त्याने काही जुने, कच्चे ड्रायव्हर अडवले, आणि पंख्याचा वेग किंवा तापमान बघणारी काही साधनं बंद पडल्याच्या तक्रारी आल्या. विंडोज ११ वर तर या खेळाला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं. जुन्या बोर्डावर ते नसेल, तर प्रोसेसर कितीही धडधाकट असो, प्रवेश नाही. खेळाडूंच्या बाजूने बोलायचं तर लबाडीने खेळ नासतो, आणि ती रोखावी असं त्यांनाच वाटतं. म्हणजे किल्ली कुणी हिसकावली नाही. आपणच दिली.

शेवटचा टप्पा थोडक्यात. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचं ‘स्टीम’ सुरू झालं. २००४ चा ‘हाफ-लाइफ २’ सीडीवर घेतला तरी स्टीमशिवाय चालत नव्हता. सोय मोठी होती : खेळ हरवत नाही, दुरुस्ती आपोआप येते. पण १ जानेवारी २०१९ पासून स्टीमने एक्सपी आणि व्हिस्टाचा आधार काढला, आणि १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा. कारण काय दिलं? स्टीमच्या आत क्रोम ब्राउझरचा भाग आहे, आणि तो जुन्या विंडोजवर चालत नाही. म्हणजे २००४ चा खेळ, २००४ चाच संगणक, दोघंही ठणठणीत. पण मधला दुकानदार म्हणतो, आता तुमच्या गल्लीत माझी गाडी येत नाही. ‘सिमसिटी’साठी विंडोज वाकवणारी माणसं आठवा, आणि मग हे बघा. वीस-तीस वर्षांत जबाबदारीची दिशा बदलली. तेव्हा नव्याने जुन्याला सांभाळायचं, आता जुन्याने नव्याच्या मागे धावायचं.

मंडळी, चित्र फार काळं रंगवायचं नाही. जुन्याला सांभाळणारे लोक आहेत. २००२ मध्ये आलेलं ‘डॉसबॉक्स’ हे मोफत साधन नव्या संगणकात जुना डॉसचा संगणक उभा करतं, आणि त्यात तो साउंड ब्लास्टरचा इंटरप्ट क्रमांकसुद्धा असतो! २००८ मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ‘गुड ओल्ड गेम्स’ हे दुकान काढलं, जिथे जुने खेळ कुठल्याही कुलुपाशिवाय, आजच्या विंडोजवर चालतील असे करून विकले जातात. आपल्याकडे जुन्या पोथ्यांसाठी संशोधन मंडळं झाली, तसं काहीसं हे काम आहे. फरक एवढाच की पोथीला वाळवी लागते, आणि या पोथ्यांना अपडेट लागतो.

मग आपण घरी काय करावं? अपडेट बंद करा, असं आम्ही मुळीच सांगणार नाही. इंटरनेटला जोडलेला, दुरुस्ती न घेतलेला संगणक म्हणजे उघडं दार. पण तीन साध्या गोष्टी इतिहास शिकवतो. मोठा अपडेट आला की पहिल्याच दिवशी धावू नका, दोन दिवस थांबा. ‘मिथ २’ आणि ‘ट्रिनिटी’, दोन्हींतल्या चुका फार लवकर उघड झाल्या होत्या. संगणक चालू करण्याचं दुसरं साधन, पेन ड्राइव्ह म्हणा, आधीच तयार ठेवा, कारण गरज पडते तेव्हा ते बनवता येत नाही. आणि ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत, ते फोटो, ती पत्रं, त्या आजोबांच्या आठवणी, त्यांची एक प्रत अशा ठिकाणी ठेवा जिथे कुणाचाच अपडेट पोहोचत नाही.

खेळ परत बसवता येतो. विंडोज परत मारता येते. चार ओळींची फाइलही परत लिहिता येते. आजोबांच्या आठवणी मात्र एकदाच टाइप केलेल्या असतात.

एवढं बोलून थांबतो. तुमच्या घरातही अशा काही हकिगती नक्कीच असतील, त्या प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.